आशीर्वाद पाहिजे ना, मग पगाराच्या दिवसापासून सुरू करा

३१ डिसेंबरला चर्चमध्ये वॉचनाईटची, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीची, उपासना संपली की आमच्याकडं बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं, प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि ते वचन वर्षभरासाठी आपलं. ज्याला अब्राहामाच्या आशीर्वादाचं वचन येतं तो बाकावरून उठायच्या आत स्टेटसला टाकतो, ज्याला याकोबाच्या पत्रातलं परीक्षा आणि धीराचं येतं त्याचं तोंड एवढंसं होतं, आणि मागच्या बाकावर गुपचूप अदलाबदली पण चालते. मी रविवारच्या शाळेत शिकवते आणि पोटासाठी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघते, त्यामुळं पोरं-पोरी मला दोन्हीकडचं विचारतात, पीएफचं पण आणि देवाचं पण. जानेवारीत प्रश्न ठरलेला, बाई, देवाचा आशीर्वाद मिळायला नेमकं करायचं काय ओ? तर हे त्याचं उत्तर, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी हे डोक्यातून काढा की आशीर्वाद कमवायचा असतो. येशूनं मत्तय ५:४५ मध्ये (म्हणजे बायबलातलं मत्तयचं पुस्तक, अध्याय ५, वचन ४५) सरळ सांगितलंय, बाप आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर दोघांवर उगवतो, पाऊस पण दोघांवर पाडतो. (सोलापुरात सूर्य सगळ्यांवर जरा जास्तच उगवतो, पावसाचं मात्र विचारू नका.) अब्राहामाचं बघा, उत्पत्ती १२ मध्ये त्याला बोलावलं तेव्हा वय ७५, पोटी पोर नाही, देवासाठी काही मोठं केल्याचं पण लिहिलेलं नाही, आणि देव त्याला म्हणतो मी तुला आशीर्वाद देईन. पण तिथंच पुढं असं पण आहे की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. हा अर्धा भाग चिठ्ठीवर बऱ्याचदा छापतच नाहीत, जागा पुरत नसेल.

आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे काय मी सांगायला नको. आलं की काही जण डायरेक्ट नळाला मोटर लावतात, त्यांची टाकी भरते आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या म्हातारीच्या घागरीत थेंब पडत नाही. आपल्या प्रार्थना कधीकधी ह्या मोटरसारख्या असतात, सगळं ओढून माझ्याच टाकीत. म्हणून इथं मी मोटर कशी लावायची ते सांगणार नाहीय, पाणी गल्लीत पुढं जाऊ द्यायचं कसं एवढंच सांगणार आहे.

बायबलातलं अनुवाद नावाचं पुस्तक उघडा, पण २८ वा अध्याय नको

आशीर्वाद म्हटलं की सगळे अनुवाद २८ काढतात, तू मस्तक होशील शेपूट नाही, हे आवडीचं. त्या अध्यायात आशीर्वादाची वचनं पहिली १४ आहेत आणि उरलेली ६८ पर्यंत सगळी शापाची, ती कोण स्टेटसला टाकत नाही. असो. तुम्ही एक काम करा, त्याच पुस्तकात थोडं मागं जा आणि पेन्सिल घेऊन बसा. जिथं जिथं "म्हणजे परमेश्वर तुला आशीर्वाद देईल" असा अर्थ आहे तिथं खूण करा आणि त्याच्या आधी काय करायला सांगितलंय ते वाचा.

१४:२९ ला काय आहे, तर तिसऱ्या वर्षाचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, गावातच ठेवायचा आणि लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेले, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता ते), परदेशी, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं, म्हणजे तुझ्या हातच्या सगळ्या कामात देव आशीर्वाद देईल. १५:१० मध्ये गरीब भावाला देताना मन आखडू नको, त्याबद्दल देव तुला आशीर्वाद देईल. १५:१८ मध्ये सहा वर्षं राबलेल्या दासाला मोकळं करताना जिवावर येऊ देऊ नको, आणि त्याच्या आधी १३ व्या वचनात म्हणलंय की त्याला रिकाम्या हातानं पाठवू नको. २३:२० मध्ये आपल्या भावाकडून व्याज घेऊ नको. २४:१९ मध्ये शेतात एखादी पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नको, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. प्रत्येक ठिकाणी शेवटी आशीर्वाद आहे आणि प्रत्येक ठिकाणी मधी कुणीतरी गरीब माणूस उभा आहे. मला तर हे वाचल्यावर वाटतं की देवानं पत्ता एवढा स्पष्ट लिहून ठेवलाय आणि आपण आशीर्वाद सभेला पुढची खुर्ची मिळवायला धडपडतोय.

त्यातलं मला सगळ्यात जवळचं २४:१३. गरिबानं कर्जासाठी अंगावरचं पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत दे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल. इथं आशीर्वाद देणारा कोण आहे बघा, तो माणूस, पाठ उबदार झालेला तो माणूस! ईयोब पण त्याच्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात हेच बोलतो, माझ्या मेंढरांच्या लोकरीनं ऊब मिळालेल्यानं मला आशीर्वाद दिला नसेल तर बघा म्हणतो. चादरीच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवून सांगायची गरज नाही, आपल्याकडं निम्म्या गावाचं पोट एकेकाळी पांघरुणावरच चाललं.

आता पगाराचा दिवस

हे मी जास्त लिहिणार आहे कारण माझं रोजचं काम हेच आहे. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर पण आपल्याकडं ठेवू नको असं आहे. अनुवाद २४:१५ मध्ये कारण पण दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशाकडं लागलेलं असतं, त्यानं देवाकडं गाऱ्हाणं केलं तर तुला दोष लागेल. आणि याकोब ५:४ मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. पैसा ओरडतो, नुसता माणूस नाही!

तुम्ही म्हणाल आम्ही काय कारखानदार आहोत का. नाही, पण घरात भांड्याला मावशी येतात ना? रिक्षावाले काका पोरांना शाळेत सोडतात, ब्लाउज शिवणारी ताई आहे, फरशी बसवणारा आहे, इस्त्रीवाला आहे. तर करायचं असं.

महिन्याच्या १ तारखेला, स्वतःच्या रिचार्जच्या आधी, ह्या सगळ्यांचे पैसे द्या. मावशींनी मागायची वेळ येऊ देऊ नका, मागताना माणूस किती लहान होतो ते ज्यानं मागितलंय त्यालाच माहीत. "नेट चालेना, संध्याकाळी पाठवते" हे एकदा ठीक, दर महिन्याला नेट कसं काय बंद पडतं. तिच्या पोराला ताप आला म्हणून ती दोन दिवस आली नाही तर ते दोन दिवस कापू नका, आपल्याला सिक लीव्ह असते आणि तिला नसते हे काय देवानं ठरवलेलं नाहीय. काम सोडून चालली असेल तर अनुवाद १५:१३ आठवा, रिकाम्या हातानं नाही. दिवाळीला बोनस तुम्ही देत असालच, नाताळाला पण द्या, सण आपला आहे म्हणल्यावर.

आणि दुकान, वर्कशॉप, दोन-चार यंत्रमाग असलेले जे भाऊ आहेत त्यांनी रूथचा दुसरा अध्याय एकदा मालक म्हणून वाचावा, प्रेमकथा म्हणून नको. बवाज शेतात येतो आणि कापणी करणाऱ्यांना पहिलं वाक्य काय बोलतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. आणि मजूर उलटून म्हणतात, परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो. हे त्या शिवारातलं रोजचं बोलणं दिसतंय. आपल्याकडं मालक आल्यावर कामगार काय पुटपुटतात ते मी ऐकलेलं आहे, इथं लिहिता येत नाही. पुढं बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका म्हणजे त्या परक्या मोआबी पोरीला, रूथला, वेचता येतील, आणि तिला कोण बोलायचं नाही. म्हणजे दिलं पण आणि भीक दिल्यासारखं वाटू पण दिलं नाही. हे जमणं अवघड आहे, पैसे देण्यापेक्षा अवघड.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधी, चाळीस दिवस उपवास धरणाऱ्यांनी यशया ५८ जरूर वाचा. लोक तिथं देवाला विचारतात आम्ही उपवास करतोय आणि तू बघत का नाहीस, तर देव म्हणतो उपवासाच्या दिवशी पण तुम्ही कामगारांना पिळता. मग त्याला आवडणारा उपवास सांगतो, भुकेल्याला भाकरी, बेघराला घरात घेणं, उघड्याला पांघरूण. परत पांघरूणच.

दशांश, ग्रॉसवर की हातात आलेल्यावर?

हा प्रश्न मला हमखास येतो, हिशोबवाली ना मी. मलाखी ३:१० मध्ये देव म्हणतो भांडारात पूर्ण दशांश आणा आणि मला आजमावून बघा, आकाशाची दारं उघडतो की नाही. पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, तोंडून हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी एवढंच सांगते की नवरा-बायकोनं बसून एकदा ठरवा आणि मग त्यावर दर महिन्याला घोळ घालत बसू नका. दहावा हिस्सा आज जमत नसेल तर जेवढं जमतं तेवढ्यावर सुरू करा, २ करिंथ ९:७ प्रमाणे मनात ठरवलेलं आणि खुशीनं, कुढत नको. पगार झाला की आधी पाकीट बाजूला, महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून द्यायचं म्हणलं तर काय उरत नसतंय हे पगारदार माणसाला सांगायला लागत नाही.

दुसरं एक पाकीट गरिबांचं ठेवा आणि त्यातून दिलेलं कुणाला सांगू नका, मत्तय ६:३ नुसार डाव्या हाताला पण नाही. फोटो तर अजिबात नाही. वह्या वाटताना पोरांच्या हातात वही आणि आपला हात वहीवर असा फोटो काढायची जी पद्धत पडलीय ती मला बघवत नाही.

पण दशांशाच्या पाकिटापुढं दोन गोष्टी आहेत. एक मत्तय २३:२३, येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा पण दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. न्याय-दया करायचीच होती, पण दशांशही सोडायचा नव्हता. दुसरं मार्क ७, तिथं लोक आईबापाला म्हणायचे तुम्हाला द्यायचं होतं ते मी देवाला अर्पण करून टाकलंय, आणि येशू त्यांच्यावर भडकतो. म्हणजे आईची बीपीची गोळी थांबवून चर्चच्या बांधकामाला देणगी आणि पाटीवर नाव, हे देवाला चालत नाही, त्यानंच सांगितलंय. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा ही वचन जोडलेली पहिली आज्ञा आहे असं इफिस ६:२ मध्ये पौल आठवण करून देतो.

आणि मोबाईलवर जे येतं ना, आत्ता एवढ्याचं बी पेरा, शंभरपट मिळेल, स्क्रीनवर क्यूआर कोड आहे, किंवा हे वचन अकरा जणांना पाठवा आणि रात्रीपर्यंत चमत्कार बघा, ते बंद करा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन जादूगार पैसे घेऊन आला होता, पेत्रानं त्याला ज्या शब्दात हाकललं ते वाचा म्हणजे कळेल. देवाचं दान पैशानं विकत मिळत नाही, हप्त्यानं पण नाही.

व्याजाचं एक राहिलं. आपल्यातच काही जण आहेत जे मंडळीतल्याच माणसाला अडचणीत पाच टक्क्यानं पैसे देतात, महिन्याला पाच बरं का, आणि रविवारी त्याच बाकावर बसून गीत म्हणतात. बँकेत एफडी ठेवण्याबद्दल मी बोलत नाहीय. घरात आजारपण आहे म्हणून आलेल्या भावाबद्दल बोलतेय. द्यायचे तर हातउसने द्या, तारीख ठरवा, कागदावर लिहा, पण वर काही घेऊ नका. आणि जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा, ते पण चालतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारचा फोन

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, जा, आधी समेट कर. नीट वाचा, त्याच्या मनात तुझ्याबद्दल काही असेल तर. म्हणजे माझं काही चुकलं नाही, तोच धरून बसलाय, हे कारण पण गेलं.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, म्हणून त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी फोन लावायचा असा नियमच करा. वाटणीवरून, आईच्या दागिन्यांवरून, लग्नात मानपान झाला नाही म्हणून, अशी कितीतरी भावंडं एकाच चर्चमध्ये दोन टोकाला बसतात आणि आशीर्वचनाला दोघं पण हात पसरतात. फोनवर लंबी प्रस्तावना नको. "काय बे, जेवलास का" एवढं पुरतं सुरुवातीला, सोलापूरच्या माणसाला बे म्हणल्यावर अर्धा राग तिथंच उतरतो. मोठा भाऊ असेल तर "दादा, येऊ का उद्या घरी" म्हणा. "मी तुला माफ केलंय" हे वाक्य तर बोलूच नका, समोरचा म्हणेल तू कोण रे माफ करणारा, आणि भांडण नव्यानं सुरू. जुना हिशोब पहिल्या फोनला काढू नका. त्यानं उचललाच नाही तर पुढच्या महिन्यात परत, रोम १२:१८ मध्ये आहेच की तुमच्याकडून जेवढं होईल तेवढं.

एक मात्र स्पष्ट सांगते. नवरा मारतो, सासरचे छळतात, कुणी पोरीशी घाण वागलंय, तिथं समेट कर म्हणून त्या बाईला परत पाठवणं हे ह्या वचनात बसत नाही. तिथं आधी तिला सुरक्षित जागी न्या, पोलिसात जायचं असेल तर बरोबर जा.

घरातलं

सकाळची प्रार्थना कितीची असावी ह्यावर भांडू नका. फर्स्ट शिफ्टवाल्यानं पहाटे तासभर गुडघे टेकावेत ही अपेक्षा चुकीची आहे, दहा मिनिटं एक स्तोत्र वाचून दार लावून प्रार्थना केली तरी मत्तय ६:६ पूर्ण होतं. ज्यांच्याकडं दार लावायला वेगळी खोलीच नाही त्यांनी डोक्यावर पदर घ्यावा, बस.

पोरांना मात्र आशीर्वाद तोंडानं द्या, हे आपल्याकडं कमी झालंय. गणना ६:२४-२६ पाठ करा, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं संरक्षण करो, तिथून शांती देवो पर्यंत. तेच, जे पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी म्हणतात आणि आपण तेव्हा गाडीची चावी शोधत असतो. हे शब्द किती जुने आहेत माहितीय का, १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांमध्ये चांदीचे दोन बारीक गुंडाळलेले पत्रे सापडले, साधारण अडीच हजार वर्षांहून जुने, आणि उलगडल्यावर त्यावर ह्याच आशीर्वादाच्या ओळी निघाल्या. ते बहुतेक ताईतासारखे गळ्यात घालत असावेत. म्हणजे वचन गळ्यात बांधायची हौस आपलीच नाही. पण देवानं याजक अहरोनाला सांगितलं होतं की हे लोकांना म्हणा, तोंडानं. तर पोरगी दहावीच्या पेपरला निघाली की हॉलतिकीट घेतलंस का विचारून झाल्यावर डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा. पोरगा लाजेल, पळेल, पळू द्या, जाता जाता म्हणा. आणि मार्क कमी आले त्या दिवशी पण म्हणा, त्या दिवशी तर जास्त.

रविवारच्या विसाव्याबद्दल बायकांच्या वतीनं बोलू द्या. अनुवाद ५:१४ मध्ये शब्बाथाला दासदासी, बैल, गाढव सगळ्यांना सुट्टी आहे, तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा म्हणून. आता आपला रविवार बघा, उपासनेहून आलं की बाप्या माणूस टीव्हीपुढं आणि दहा माणसांचं मटण, भाकरी, भात कोण करणार तर तीच, जी सकाळी क्वायरमध्ये उभी होती. गाढवाला सुट्टी आहे आणि तिला नाही. शनिवारी रात्री शेंगा चटणी कुटून ठेवा, कडक भाकरी आहेतच, दही आणा, आणि मटण खायचंच असेल तर पुरुषांनी करा. मावशींना पण रविवारी बोलावू नका.

आभाराचं थोडक्यात सांगते. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, तो पण शोमरोनी, ज्यांना यहूदी लोक परकं मानायचे. आपल्याकडं चर्चमध्ये साक्षीला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं राहिल्यावर ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून देवाची उपकारस्तुती होते, ती व्हायलाच पाहिजे, पण रात्रभर सलाईन बघणाऱ्या सिस्टरला जाऊन सलाम तरी केला का? देवाचे आभार मानून माणसाचे बुडवू नका.

शेजाऱ्यांबद्दल पण. आपलं गाव मराठी, तेलुगू, कानडी सगळं बोलतं, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की अर्धं गाव तिकडं असतं. आपली घरं ह्याच गल्ल्यांमध्ये आहेत. यिर्मया २९:७ मध्ये बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना देव सांगतो की त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. बाबेलासाठी हे चालतं तर सोलापूरसाठी किती तरी जास्त. तेव्हा फक्त चर्चच्या कंपाउंडपुरती प्रार्थना नको, पाण्यासाठी, बंद पडलेल्या मागांसाठी, विड्या वळणाऱ्या बायांच्या पाठदुखीसाठी पण करा. आणि नाताळाचा फराळ पाठवताना डबा पोचवायला पोरांना नका पाठवू, स्वतः जा, पाच मिनिटं बसा.

आणि एवढं करूनही काहीच झालं नाही तर

होतं असं. पगार वेळेवर दिले, दशांश दिला, भावाला फोन केला, आणि तरी नोकरी गेली, रिपोर्ट खराब आला. इथं सगळ्यात वाईट काम मंडळीतली माणसंच करतात, घरी येऊन म्हणतात काहीतरी पाप राहिलं असेल, विश्वास कमी पडला असेल. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाकडं बघून शिष्यांनी हेच विचारलं, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणाला ना ह्याचं ना त्यांचं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पण हेच केलं, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावला. आजाऱ्याच्या घरी जाताना नारळपाणी न्या आणि गप्प बसा, प्रार्थना छोटी करा, औषध बंद करा म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला बाहेर काढा. पौलानं सुद्धा तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं होतं, १ तीमथ्य ५:२३. आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही.

अब्राहामाचा नातू याकोब, त्याला यब्बोक ओढ्याच्या काठी रात्रभर झुंजून आशीर्वाद मिळाला तेव्हा तो लंगडत निघाला, हे पण उत्पत्ती ३२ मध्येच आहे.

पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात अन्नाशिवाय त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये लग्न आणि १८८२ मध्ये नवरा गेला, कडेवर लहान लेक. आशीर्वादाच्या आपल्या यादीत ह्यातलं काहीच बसत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यानं गोळा करून आणलं, त्यांना जेवण, शिक्षण, हाताला काम. भूक काय असते ते तिला कुणी सांगायला लागलं नव्हतं. पुढं हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसली. १९२१ मध्ये लेक मनोरमा पण तिच्या आधी गेली आणि १९२२ मध्ये त्या स्वतः. त्या आशीर्वादित होत्या का नाही हे मी रविवारच्या शाळेत पोरांना विचारते, उत्तर सांगत नाही, भांडू देते त्यांना.

नव्या घराची प्रार्थना ठेवताय?

शेवटचं, कारण हंगाम त्याचाच चालूय, होटगी रोडला जिकडं बघावं तिकडं फ्लॅट. नवं घर घेतलं की पाळकसाहेबांना बोलवून आशीर्वाद मागतात, चांगलं आहे. पण यादी करताना लूक १४:१२-१४ समोर ठेवा. येशू म्हणतो जेवण देशील तेव्हा मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी यांना बोलवू नको, ते परत बोलावून फेड करतील. गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव म्हणजे तू धन्य होशील, कारण त्यांच्याकडं फेडायला काही नाही. सगळे नातेवाईक वगळा असं मी म्हणत नाही, मामा रुसतील. पण ज्यानं भिंत बांधली तो गवंडी, सेंट्रिंगवाली पोरं, प्लंबर, रंगारी, लिफ्टपाशी रात्र काढणारा वॉचमन आणि त्याचं कुटुंब, यांना फोन करून नावानिशी बोलवा. त्या आधी त्यांचा शिल्लक हिशोब चुकता करा, नाहीतर बिचारे पैसे मागायचे का जेवायचे ह्या घोळात राहतील. पहिल्या पंगतीला बसवा, उरलेलं डब्यात भरून देणं वेगळं आणि पाटावर बसवून वाढणं वेगळं. आणि पाळकसाहेबांना आधीच हळूच सांगून ठेवा, साहेब, संदेश पंधरा मिनिटांत आटपा, गवंड्याला लांबची एसटी पकडायचीय.